गुंडाचा पाय

कडेगावच्या आसपास कुणाचा खांदा निखळला, मनगट मुरगळलं, की लोक तात्याबाकडे यायचे. त्याचा हात नामी. १९७४ साली त्याचाच तेरा वर्षांचा मुलगा गुंडा लंगडू लागला.

"आबा, गुडघा लय दुखतोय."

तात्याबाने गुडघा चाचपला. सूज नाही, हाड जागेवर. तरी त्याने एरंडेल चोळून पट्टी बांधली. चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. हळूहळू गुंडाचं पाऊल चालताना बाहेर वळू लागलं. दुखरा पाय जपत असेल, असं तात्याबाने मनाशी धरलं.

"आवं, मिरजंला दाखवूया की," बायको रंगुबाई म्हणाली.

"गावाची हाडं मी बसवतो आन् माझं पोर दुसऱ्याकडं न्हिऊ व्हय?"

सुगीत एक दिवस गुंडा बांधावरून घसरला तो उठेचना. तेव्हा मात्र तात्याबाने त्याला पाठीवर घेतलं आणि रंगुबाईसोबत एसटी गाठली.

मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यावरून नुसता हात फिरवला आणि मांडी हलकेच पोटाकडे नेली. पाय आपोआप बाहेर फाकला, गुंडा किंचाळला. मग त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला.

"दुखणं खुब्याचं आहे. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोळा कधी कधी सरकतो. कळ गुडघ्यात येते."

"म्या गुडघाच चोळत बसलो, सायेब."

"पुष्कळांची फसगत होते. आता खिळा घालून आहे तिथं धरून ठेवू. पण सरकलेलं सगळं जागेवर येणार नाही. लवकर आणायला हवं होतं."

रंगुबाई पदराने गुंडाचा घाम पुसू लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तात्याबाला वाटलं.

ऑपरेशननंतर गुंडा शुद्धीवर आला, तो पुटपुटला, "आबा, घरी गेल्यावर पट्टी तुमीच बांधा. तुमचा हात हलका हाय." तात्याबा तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पाय थोडा आखूड राहिला. लोक तात्याबाकडे येतच राहिले. तोही खांदे, मनगटं बसवत राहिला. पण गुडघा दुखतो म्हणून कुणी पोर आणलं, की तो तेलाला हात लावत नसे. "आदी मिरजंला जावा," एवढंच म्हणायचा.

जूनमध्ये गुंडा पुन्हा शाळेला निघाला. तात्याबा मागून चालला, दोन्ही हात पाठीशी बांधून. चढावर पोरगं झुकलं, सावरलं, थांबलं.

"आबा, तुमी जावा आता. मी जातो."

तात्याबा तिथंच उभा राहिला. गुंडा शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत तो हलला नाही.