मास्तरांच्या पोटाची खरी नोंद

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शाळेच्या फळ्यापुढे ते कधी उभे राहिले नव्हते, पण सत्तावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून "क्लच सोड, हळू... अरे हळू!" म्हणत आल्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या विद्यार्थ्यांची एक खासियत होती. शहरात स्वच्छ संडास कुठे कुठे आहेत, हे त्यांना तोंडपाठ असे. मास्तरांचे सगळे रस्ते पेट्रोल पंप, वाचनालय आणि मोठं हॉस्पिटल यांच्यावरूनच जात ना! पोटात कळ आली की मास्तर म्हणत, "गाडी बाजूला घे." मग किल्ली काढून खिशात टाकत, "मी येईपर्यंत चिन्हांचं पुस्तक वाच," असं बजावत आणि धूम ठोकत. त्यामुळे लेखी परीक्षेत त्यांचा विद्यार्थी कधी नापास झाला नाही. चिन्हं वाचायला वेळ भरपूर मिळे.

लोकांना गंमत वाटे. मास्तरांना वाटत नसे. पोट पिळवटून निघे, दिवसातून सहा-सहा वेळा जावं लागे, आणि गेलं तरी सुटका झाल्यासारखं वाटत नसे. रक्त तपासून झालं, पोटात नळी घालून झाली, फोटो काढून झाले. सगळं स्वच्छ. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं एका डॉक्टरने हसत सांगितलं, तेव्हा मास्तर त्याच्या दारातूनच पुन्हा संडासाकडे पळाले होते. दुसऱ्याने "फार विचार करता" म्हणून हात झटकले. तेव्हापासून मास्तरांनी दुखणं बोलून दाखवणंच सोडलं. माहीत होतं ते फक्त बायकोला. ती वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवायची आणि घरात मास्तरांच्या पोटाची तब्येत सांभाळायची.

तिनेच एक दिवस हॉस्पिटलच्या सूचनाफलकावरचा कागद वाचला. मास्तरांसारख्याच, म्हणजे आतडं दिसायला धडधाकट पण वागायला लहरी असलेल्या माणसांसाठी नव्या औषधाची चाचणी होणार होती. ती मास्तरांना ओढतच घेऊन गेली. दार उघडलं, तर टेबलामागची डॉक्टरीण ताडकन उठून उभी राहिली.

"मास्तर! तुम्ही?"

मास्तरांनी निरखून पाहिलं. "तू ती... रस्त्यावरच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली?"

"तिसऱ्यांदा पास झाले की!" ती हसली. "तुम्ही नसता तर अजून बसनेच येत असते."

मग तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी मास्तर खाली मान घालून म्हणाले, "तपासण्यांत काही नाही म्हणतात."

"तपासण्यांत दिसत नाही, एवढंच. तुम्हाला दुखतंय ना? मग आहे."

खिडकीतून बाहेर बघत मास्तरांनी नाक शिंकरलं आणि पंख्याच्या वाऱ्याला दोष दिला.

चाचणी बारा आठवड्यांची होती. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला कुठली मिळाली ते डॉक्टरणीलाही ठाऊक नसणार होतं. यादी मोहोरबंद. रोज संध्याकाळी वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. शिवाय शौच कसं झालं ते सात चित्रांच्या तक्त्यावरून ठरवायचं. तो तक्ता मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जरा पलीकडे. मला आमटी वाढायची आहे."

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी इमानदारीने सात, आठ, सात असे आकडे लिहिले. दुसऱ्या आठवड्यात ते वही दाखवायला गेले, तेव्हा बाहेर बसलेल्या परिचारिका आपसांत बोलत होत्या. डॉक्टरणीने या औषधामागे नऊ वर्षं घातली होती. याआधीचं एक औषध चाचणीत पडलं होतं, आता हे पडलं तर विभागच गुंडाळणार म्हणे. मास्तरांना तिच्या त्या दोन नापास परीक्षा आठवल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी आठाच्या जागी पाच लिहिला. पुढे चार. मग तीन. उतरता क्रम मोठा झोकदार दिसत होता.

सहाव्या आठवड्यात मेहुणी नवऱ्यासह जेवायला आली. जेवताना मास्तर तीनदा उठले. तिसऱ्यांदा परतले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. पाहुणे गेल्यावर बायकोने भांडी आवरली, हात पुसले आणि सहज म्हणून वही पाहिली. आजच्या तारखेसमोर 'एक' होता.

"हे काय?"

"अं? बरं वाटतंय आताशा."

"अहो, दहा वर्षं मी या पोटाच्या मागे पळतेय. तुम्ही कुणाला फसवताय?"

मास्तर खुर्चीत खचले. "ती पोर नापास होईल गं. एकटीने माझं दुखणं खरं मानलं. तिच्यासाठी एवढंही करू नको?"

बायको चिडली नाही, शेजारी बसली. "तिने तुमचं खरं मानलं," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही तिला खोटं देताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोन्ही शिकवण्या रद्द करून मास्तर हॉस्पिटलात गेले आणि उभ्या उभ्या सगळं ओकून मोकळे झाले.

डॉक्टरणीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला वाटलं, तुम्ही माझ्या औषधाला हात दिलात," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणि तुमची कॅप्सूल पोकळ असली तर? मग पोकळ कॅप्सूलनेही एवढं बरं वाटतं, असंच दिसलं असतं ना? खऱ्या औषधाचा फरक पुसला गेला असता. मास्तर, मी आरशात न बघता गाडी वळवली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"ब्रेक दाबला असता," मास्तर पुटपुटले. "माझ्या बाजूचा."

"आणि नंतर?"

"ओरडलो असतो."

"मग मी ओरडले असं समजा." तिचा चेहरा किंचित सैल झाला. "खोडायचं काही नाही. जे लिहिलंय ते तसंच राहील. आज काय सांगितलंत ते मी शेजारी टिपते. हे आकडे धरायचे की नाहीत ते चाचणीवर देखरेख करणारी समिती ठरवेल. उरलेले सहा आठवडे खरं लिहाल?"

"देवाशप्पथ."

"देव नको. पोटाला विचारून लिहा."

मास्तरांनी तसंच लिहिलं. सात. सहा. सात. पुढे सहा, पाच, आणि एके दिवशी चक्क चार. चार लिहिताना त्यांनी बायकोला हाक मारून साक्षीला बसवलं.

काही महिन्यांनी यादी उघडली. डॉक्टरणीने दोघांना बोलावून घेतलं. समितीने मास्तरांचे आकडे मुख्य हिशेबातून वगळले होते. औषध पडलं नव्हतं, पण त्याने दिवेही लावले नव्हते. जुलाबाच्या तक्रारीवाल्यांना बऱ्यापैकी फरक, बद्धकोष्ठवाल्यांना जवळपास काहीच नाही. विभाग मात्र तगला.

"आणि मी?" मास्तरांनी विचारलं.

"पोकळ कॅप्सूल."

मास्तरांची कानशिलं लाल झाली. "म्हणजे तो चार... सगळे म्हणायचे तेच खरं. मनाचे खेळ."

"मुळीच नाही." डॉक्टरीण पुढे वाकली. "आतडं आणि मेंदू दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. तुमच्या बाबतीत त्यांचं भांडण जरा जास्त आहे, एवढंच. कुणीतरी लक्ष देतंय, नोंद ठेवतंय, तेवढ्यानेही ते थोडं निवतं. दुखत होतं ते खरं, आणि उतरलं तेही खरं. आता पुढच्या टप्प्यात खरं औषध घेऊन बघता का?"

"मला पुन्हा घेशील?"

"वही काकूंच्या ताब्यात राहणार असेल तर."

बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

औषधाने चमत्कार केला नाही. आठवड्यातले चार दिवस बरे जाऊ लागले, कधी पाच. वाईट दिवस आला की मास्तर तो वाईट म्हणूनच सांगत, मेहुणीच्या नवऱ्यालासुद्धा. अशाच एका बऱ्या रविवारी दुपारी बायकोने नाटकाची तिकिटं आणली. गेल्या दहा वर्षांत त्यांनी नाट्यगृहात कडेच्या खुर्च्या सोडून दुसरीकडे कधी बूड टेकलं नव्हतं. या वेळी तिने थेट ओळीच्या मधोमध जागा घेतल्या होत्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा माणसं.

"अगं, पण..."

"बसा हो."

मास्तर बसले. पहिली दहा मिनिटं त्यांनी दाराकडे नजर ठेवली, पुढची दहा रंगमंचाकडे. नाटक अगदीच रटाळ होतं. मध्यंतराच्या आधीच मास्तरांची मान बायकोच्या खांद्यावर कलली आणि ते बारीक घोरू लागले. पुढच्या ओळीतल्या माणसाने वळून कपाळाला आठ्या घातल्या. तिने त्याच्याकडे बघून गोड हसून घेतलं, पण नवऱ्याला काही जागं केलं नाही.