डावा हात, बारीक खड्डे

…आणि हिरवा स्टिकर तिच्या अंगठ्यालाच चिकटून बसला होता. नखाच्या कडेने सोडवला की तर्जनीला लागायचा, तर्जनीवरून काढला की पुन्हा अंगठ्याला. दोनशे सतरा. हिरवा म्हणजे जहाज. पिवळा म्हणजे सरकारी गोदाम, तीन वर्षं. पिवळ्यावरही दोनशे सतराच. सामान हलवणाऱ्या मजुरांच्या मुकादमाने दोन्ही तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, की ठरलं की एक लावा, दुसरा फाडून टाका, फक्त चारच्या आत. साडेचारला ट्रक हलतो.

दोनशे सतरा म्हणजे बाबांची खुर्ची.

फौजेतल्या नवऱ्याची बदली समुद्रापलीकडे झाली होती. तो दीड महिन्यापूर्वीच रुजू झाला, मागचं घर आवरायचं तिच्याकडे. सकाळपासून मुकादमाची माणसं समोर दिसेल ते कागदात गुंडाळत होती. मुकादम रंगात येऊन सांगत होता, की मागे एका बाईंची कचऱ्याची टोपली कचऱ्यासकट तिकडे पोचली, तीन महिन्यांनी उघडली तर आत केळ्याच्या साली, आणि यादीत लिहिलेलं, 'टोपली, उत्तम स्थितीत'. ती हसली होती. हसताना डोळा मात्र खिडकीपाशी, खुर्चीकडे.

बाबाही फौजेतलेच, कोठारावर. अकरा बदल्यांत त्यांची एक रीत ठरून गेली होती — खुर्ची सगळ्यात शेवटी चढवायची. शेवटी चढलेलं आधी उतरतं. मग नव्या, रिकाम्या घरात ते तिच्यात ठाण मांडून बसत आणि कुठली पेटी कुठे ते तिथूनच सांगत. आई म्हणायची, बसले महाराज, आता प्रजेने राबावं. दोन वर्षांपूर्वी ते तिच्याकडे आले ते झटका येऊन गेल्यावर. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. सोबत तेवढी खुर्ची. आता त्यांना जाऊन पाच महिने…

नवऱ्याला सकाळी फोनवर विचारलं होतं. घर लहान आहे, न्यायची मुभा असलेलं वजन जवळजवळ भरत आलंय, असं त्याने सांगितलं. आणायची तर आण, म्हणाला. आणि मग, मायेनेच, "पण तिच्यात बसणार कोण?"

कोण बसणार.

प्रत्येक वस्तूला आधीपासून काय काय झालंय ते यादीत लिहायची त्यांची पद्धत, म्हणजे तिकडे पोचल्यावर तंटा नको. कपाट, आरशाला चरा. टेबल, एक पाय डुगडुगता. खुर्चीपाशी मुकादम वाकला, तिच्या लाकडी हातावरून अंगठा फिरवला, मग खिशातून चष्मा काढला.

"डावा हात, बारीक खड्डे," तो लिहिता लिहिता म्हणाला. "किती लिहू? बरेच लिहितो."

बरेच.

बाबांची अंगठी. बोलता येत नव्हतं म्हणून डाव्या हाताच्या अंगठीने ते खुर्चीच्या हातावर तीनदा ठोकायचे आणि थांबायचे. पाणी हवं, ऊन डोळ्यांवर येतंय, कधी काहीच नाही, नुसतं माणूस हवं. सकाळी ती हातातलं टाकून धावायची. पण दुपारी अडीच ते तीन ती आपल्या खोलीचं दार लोटून पडायची — तेवढा अर्धा तास माझा, एवढा तरी माझा… आणि टक, टक, टक. डोळे मिटून ती वाट बघायची, पुन्हा ठोकतात का. बहुतेकदा ठोकत नसत. मग वाटायचं, बघ, तसं काही नव्हतंच. तीनला बाहेर यावं तर ते शांत बसलेले. एकदा पायजमा ओला. एकदाच?

यातले किती ठोके ऐकून मी धावले आणि किती ऐकून पडून राहिले, ते लाकूड सांगत नाही. सगळे सारखेच खोल.

"हे आधीचंच ना, ताई? आमच्या माणसांकडून नाही ना झालं?"

"आधीचंच."

"मग इथे सही करा."

तिने केली.

पावणेचार. घरात खुर्ची तेवढी उरली. तिने पिवळा लावला. गोदाम, अंधार, दार बंद… काढला. हिरवा लावला. नवं घर, नवी खिडकी, दुपारचे अडीच… काढला. स्वयंपाकघरात जाऊन बंद असलेला नळ पुन्हा पिळून आली. मग, उभं तरी किती राहायचं म्हणून, बसली.

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या खुर्चीत कुणी बसलं. इथून बाहेरचं दार अर्धंच दिसतं. तिच्या खोलीचं मात्र अख्खं — कडीसकट, खालच्या फटीसकट. दीड वर्ष ती या खुर्चीपाशी ओणवी होऊन बोलत होती, पण इथून काय दिसतं ते…

डावा हात चाळवला. बोटातली तिची स्वतःची अंगठी एका खड्ड्यात टेकली. टक. ठोकायचं असं तिच्या मनात नव्हतं. टक. टक. उघड्या भिंतींवरून आवाज दणकून परत आला. मग काहीच नाही. खाली ट्रकची साखळी वाजली, कुणीतरी हसलं. ती दाराकडे बघत राहिली. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं.

"आलो ताई, आलो," मुकादम जिन्याच्या तळाशी ओरडला आणि धापा टाकत चढू लागला.

तो येऊन विचारेल, काय ठरलं. तळहातावर दोन स्टिकर, दोन्हींचा डिंक आता अर्धाअधिक गेलेला. काय सांगायचं ते तिला अजूनही माहीत नव्हतं. पायरीमागून पायरी वाजत होती, आणि ती पावलं आपल्याकडेच येतायत हे ऐकत तिला, तेवढा वेळ तरी, त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं.