भावोजी पाण्यात पडले तो रविवार

त्या किनाऱ्यावर गळ टाकायला येणारे सगळे तिला पाठीमागे एक्सरे म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही. इस्पितळाच्या एक्सरे खोलीत तिने एकतीस वर्षं काढली होती. मोठमोठी माणसं तिच्यासमोर शर्ट काढून थंडगार पाटीला छाती टेकवत आणि "श्वास रोखा" म्हटलं की मुकाट रोखत. आतून कुणाचंच काही खास नसतं, हे तिचं मत तिथेच पक्कं झालं. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. निवृत्त झाली आणि चौथ्या दिवशी काठी घेऊन समुद्रावर हजर.

किनारा वाळूचा नव्हता. मुठीएवढ्या गोट्यांचा, घराच्या छपरासारखा उतरता. लाट धाडकन आपटायची आणि परत जाताना गोटे खळाखळा ओढून न्यायची. काठापासून दोन पावलांवर पुरुषभर पाणी. त्यामुळे अक्कल असलेला माणूस वरच्या सपाट पट्टीवर उभा राहून गळ टाकायचा. अशी अक्कल तिच्या मते तिथे तिच्याशिवाय फार तर एकाला होती, आणि तो बहुतेक वेळ घडीच्या खुर्चीत घोरत असायचा.

तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा शाळा तपासनीस होता. तीन महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला. तपासायला शाळा उरल्या नाहीत, म्हणून तो आता घर तपासत होता. डबे, नळ, भाजी चिरण्याची पद्धत, सगळं. एके दिवशी धाकटीचा फोन आला.

"ताई, रविवारी ह्यांना तुझ्याबरोबर घेऊन जा ना. घरात नुसतं..." पुढचं तिने गिळलं.

भावोजी आले ते नव्या काठीसकट, अकरा खिशांचं जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. आल्या आल्या त्यांनी तिची गाठ तपासली.

"ताई, ही गाठ जुन्या पद्धतीची झाली. मी वाचलंय त्यावर."

"नऊ वर्षं सुटलेली नाही."

"सवयीचा भाग असतो. आणि तुम्ही एवढ्या वर का उभ्या राहता? मासा पाण्यात असतो."

"गोटे पायाखालून सरकतात भावोजी. खाली जाऊ नका."

"असं तुमचं मत आहे," भावोजी हसून म्हणाले. वर्गातल्या ढ मुलाकडे बघून हसावं तसं.

ह्या माणसावर शब्द खर्च करणं तिने बहिणीच्या लग्नातच बंद केलं होतं. पुढचा तासभर भावोजींनी समुद्राच्या चुका सांगितल्या आणि तिने त्या ऐकल्या नाहीत.

मग तिची काठी वाकली. साधीसुधी नव्हे, कमरेतून वाकली. तीन वर्षांत असा मासा लागला नव्हता. ती त्याला ढील देत, पुन्हा ओढत हळूहळू जवळ आणू लागली. लाट येईल तेव्हा ओढायचं, लाट परतेल तेव्हा सोडायचं. पाण्यात पांढरं पोट चमकलं, आणि तेवढ्यात भावोजी ताडताड उतार उतरून निघाले.

"भावोजी, वर या!"

"तुम्ही फक्त रीळ फिरवा ताई. बाकीचं माझ्यावर सोडा!"

लाट आली. भावोजींच्या पायाखालचे गोटे निघून गेले, त्यांच्या मागोमाग भावोजी गेले. बुटांत पाणी भरलं. ते चार हातपायांवर वर चढू बघत होते आणि जितके चढत तितकेच घसरत होते.

ती तिथेच उभी होती. हातात ताणलेली काठी, समोर मासा आणि भावोजी. एक श्वास गेला. दुसरा गेला. मग तिने काठी टाकली आणि बसून घसरत खाली गेली.

"चढू नका! आडवे व्हा! पुढची लाट येऊ दे!" ती एक्सरे खोलीतल्या आवाजात ओरडली.

"पण ताई, पाय..." भावोजींचा मुद्दा नाकातोंडात पाणी गेल्यामुळे अर्धवट राहिला.

लाटेने त्यांना वर फेकलं. तिने कॉलर पकडली, टाचा गोट्यांत रोवल्या आणि परतीचं पाणी सोसलं. पुढची लाट आली तेव्हा ओढलं. तोवर खुर्चीतला झोपाळू उठून धावत आला होता. त्याने भावोजींचा कमरेचा पट्टा धरला. दोघांनी मिळून भावोजींना पट्टीवर आणून टाकलं. काठी मात्र माशाने खेचून नेली होती.

भावोजींनी खोकून खोकून घसा मोकळा केला आणि म्हणाले, "तुम्ही ओरडलात, त्यामुळे माझं लक्ष उडालं."

दुपारी धाकटीकडे जेवायला शेजारचं जोडपंही होतं. भावोजी कोरड्या कपड्यांत टवटवीत दिसत होते.

"ताईंची काठी वाचवायला उतरलो," ते सांगत होते. "काठी काही वाचली नाही. पण ताई वाचल्या, हे महत्त्वाचं."

शेजारणीने हळहळून तिच्याकडे पाहिलं. मोठीने घास खाली ठेवला. धाकटीने शांतपणे नवऱ्याला वाढलं. "दमला असाल," ती म्हणाली.

नंतर स्वयंपाकघरात दोघीच होत्या. धाकटी भांडी विसळत होती.

"तो सांगतोय तसं काही झालं नाही ना?"

तिने चमकून पाहिलं. चौतीस वर्षं धाकटीच्या तोंडी नवऱ्यासाठी हे, ह्यांना, ह्यांचं याखेरीज शब्द आला नव्हता.

"नाही झालं."

"पडल्यावर तू लगेच गेलीस?"

"लगेच नाही. मासा लागला होता. दोन श्वासांपुरती थांबले."

"दोनच?"

धाकटी हसत नव्हती. ताटाची कड बोटाने घासून स्वच्छ करत होती. मोठीला पहिल्यांदाच आपली लाज वाटली. आपण जगाला तुच्छ मानतो याचा तिला केवढा तोरा होता! पण ती रात्री दार लावून एकटी झोपायची. धाकटी त्याच माणसाला तीन वेळा वाढत होती, त्याचे मोजे शोधून देत होती, आणि आतून काय आहे ते कुणालाच दिसलं नव्हतं. तिलाही नाही.

"अगं, पाणी!" बाहेरून हाक आली.

"आणते हं," धाकटी गोड आवाजात म्हणाली. मग हळूच, "पुढच्या रविवारी मला ने."

रविवारी धाकटी भावोजींचं अकरा खिशांचं जाकीट घालून, त्यांचीच नवी काठी घेऊन निघाली. भावोजी दारात आडवे आले.

"तुला झेपायचं नाही. काठी कशी धरतात, माहीत आहे?"

"ताई शिकवेल."

"मग मीही येतो."

"तुमचे बूट अजून वाळायचेत," धाकटी म्हणाली आणि जिना उतरली.

पहिल्या फेकीत तिचा दोरा काठीलाच गुंडाळला गेला. दुसऱ्या फेकीत दोऱ्याला बांधलेलं शिसं दहा पावलांवर गोट्यांत खणकन पडलं. कुणीतरी फिदीफिदी हसलं, एकजण सल्ला द्यायला पुढे आला. मोठीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपल्या जागी जाऊन आमिष मोजू लागला. मोठीने घरातली जुनी काठी आणली होती, पण सकाळभर दोघींना काही लागलं नाही.

"बारा वाजले," शेवटी मोठी म्हणाली. "निघायचं का?"

"त्याला भूक लागली असेल," धाकटी म्हणाली, आणि गरीला नवं आमिष लावायला बसली.