तेवीस किलोंमधला माझा पाऊण किलो

मी एक जुनी कात्री आहे, त्यातही डाव्या हाताची. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला हातात धरलं तर मी कापड कापणार नाही, नुसतं चावत बसेन, आणि तुम्ही म्हणाल, "काय बोथट कात्री आहे ही!" हे दूषण मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं आहे. माझ्या अंगावर गंजाचे चार डाग आहेत, मुठीचा काळा रंग कधीच उडाला आहे. पण आज मी जिथे जन्मले तिथून सात समुद्र दूर आहे आणि मोठ्या मानात आहे. ते कसं झालं, ते सांगते.

माझा जन्म एका शिंप्याच्या हट्टापायी झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कोपऱ्यावरच्या तीन पायऱ्या चढून गेलं की त्यांचं दुकान. आत एक लांब टेबल, दोन शिलाई मशीन आणि दोरीला टांगलेले अर्धवट कोट. मास्तरांची एकुलती एक लेक शाळेतून आली की टेबलाखाली बसून चिंध्या कापायची. कापायची कसली, कुरतडायची! तिने कापलेली कड पाहून गिऱ्हाइकं विचारायची, "मास्तर, उंदीर झाले का दुकानात?" ती सगळं डाव्या हाताने करायची, म्हणून तिचं नावच पडलं होतं डावरी. मास्तर रोज ओरडायचे, "उजव्या हातात धर! हातालाच वळण नाही तर कापडाला कुठून येणार?"

एके दिवशी ओरडता ओरडता ते थांबले. त्यांनी आपली नेहमीची कात्री डाव्या हातात घेतली आणि स्वतःच चिंधी कापून पाहिली. तीस वर्षं कापड बेतलेला माणूस! पण कड निघाली ती थेट लेकीच्या कडेसारखी. पाती एकमेकांना घासण्याऐवजी फाकत होती आणि कापड मध्येच दुमडत होतं. मास्तरांनी ती चिंधी लेकीच्या चिंधीशेजारी ठेवली. मग म्हणाले, "पोरी, वाकडा तुझा हात नव्हे गं. वाकडी कात्री आहे."

दुसऱ्याच दिवशी ते लोहाराकडे गेले. लोहाराने उभ्या जन्मात डाव्या हाताची कात्री घडवली नव्हती. पहिला जोड त्याने सवयीने उजव्या हाताचाच घडवला आणि कपाळावर हात मारून घेतला. शेवटी त्याने आरसा आणला, मास्तरांची कात्री त्याच्यासमोर ठेवली आणि आरशात जशी दिसली तशी मला घडवली. तीन आठवडे लागले. मला मास्तरांच्या हातात देताना तो म्हणाला, "जपून हं. हिला तुमचा हात चालायचा नाही. ही फक्त पोरीचं ऐकणार."

आणि खरंच, मी फक्त तिचंच ऐकलं. पहिल्या दिवशी तिने जुन्या चादरीवर मला चालवलं आणि टोकापासून टोकापर्यंत दोरीसारखी सरळ कड निघाली. डावरी हसली नाही, रडली नाही; तिने दुसरी चादर मागितली.

पुढची वीस वर्षं आम्ही दोघी त्या टेबलावर राबलो. शाळेचे गणवेश, वकिलांचे काळे कोट, बँडवाल्यांची लाल जाकिटं, नाटकवाल्यांचे अंगरखे, काय काय म्हणून बेतलं! नाटकवाल्यांचं काम तिचं विशेष आवडतं. कापड कमी पडलं की ती डोळे बारीक करून म्हणायची, "बसेल." आणि ते बसायचंच. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "अवघड असेल तर लेकीकडे द्या, सोपं असेल तर मी आहे."

पण दिवस सारखे राहत नाहीत, मित्रांनो. लोक तयार कपडे घेऊ लागले. मास्तरांचे हात थरथरू लागले आणि दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइलची कव्हरं लटकली. डावरीचं लग्न झालं होतं. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा, पदरात एक मुलगी. ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे विजेचं पातं शंभर थर एका दमात कापतं. माझ्यासारखीला कोण विचारतो? मी कपाटात पडून राहिले. एकदा घाईघाईत नवऱ्याने मला वापरून तांब्याची तार कापली. माझ्या पात्याला खाच पडली आणि घरात जो अबोला सुरू झाला, तो चौथ्या दिवशी सुटला. तोवर बिचारा माणूस स्वतःच्या हाताने चहा करून पीत होता.

अशातच ते पत्र आलं. दूरच्या देशातल्या एका मोठ्या नाटकघराला कपडे बेतणारं माणूस हवं होतं. डावरीने जुन्या नाटकांच्या पोशाखांचे फोटो पाठवले होते. तिची निवड झाली. अट एकच होती. पहिले तीन महिने परीक्षेचे. उतरली तर नोकरी कायम आणि नवरा-मुलीलाही तिकडे नेता येणार. नाही उतरली तर परतीचं विमान. कारखान्यातली नोकरी मात्र सोडूनच जायचं होतं. म्हणजे मागचे दोर कापलेले.

मग घरात एकच विषय राहिला. बॅगेत काय न्यायचं? परवानगी तेवीस किलोंची. त्याहून एक गुंजही जास्त नाही.

निघायच्या आदल्या रविवारी दुपारी पलंगावर बॅग उघडून ठेवली. सासूबाईंनी कुकर आणला, दोन गोधड्या आणल्या, मसाल्याचे डबे आणले. नवऱ्याने प्लग, वायरी आणि इस्त्री आणली. अकरा वर्षांची मुलगी, जिला घरात चौकशीबाई म्हणत, ती वही घेऊन प्रत्येक वस्तूमागे विचारत होती, "हे तिथे मिळत नाही का? मग हे कशाला? आणि हे मिळतं तर तेही का नाही मिळत?" वजन करायला काटा होता तो माणसांनी उभं राहायचा. त्यामुळे नवरा आधी एकटा उभा राहायचा, मग बॅग उचलून उभा राहायचा आणि चौकशीबाई वजाबाकी करायची. बॅगेचं वजन कळलंच, पण त्याचंही घरभर झालं.

"बाबा, तुम्ही ब्याण्णव किलो?"

"तू बॅगेचं लिही!"

बॅग भरली सत्तावीस किलो. आता काय काढायचं? इस्त्री निघाली, एक गोधडी निघाली. तरी किलोभर जास्तच. नवऱ्याच्या हाताला मी लागले.

"हे लोखंड कशाला? पाऊण किलो तर नुसतं हेच आहे. तिकडे काय कात्र्या नसतील?"

सकाळपासून सगळ्यांची मनं राखून डावरी दमली होती. कुकर काढला तर सासूबाईंना वाईट वाटणार, प्लग काढले तर नवऱ्याला. माझ्या मनाचा विचार कोण करणार? तिने मला उचललं आणि बाजूच्या स्टुलावर ठेवलं. मित्रांनो, पात्यावर खाच पडली तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं.

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. लेकीचा निरोप घ्यायला आले होते आणि तासभर बॅगेची भर-काढ बघत होते. डावरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तुम्ही तरी सांगा. काय नेऊ?"

"मी काय सांगणार? बॅग तुझी, पाय तुझे."

"सांगा ना."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तिथे पोचलीस की पहिल्या दिवशी तुला काय करायला सांगतील? स्वयंपाक?"

"नाही. कापायला."

"मग कापायला जे लागतं ते आधी ठेव. उरलेल्या जागेत संसार भर."

डावरी उठली. तिने भरलेली बॅग पलंगावर उपडी केली. चौकशीबाईने वहीचं पान फाडून नवीन पान उघडलं. आधी मी, मग टेप, लाकडी पट्टी, खडू, टाचण्यांचा डबा. त्यानंतर कपडे. आणि सरतेशेवटी तिने कुकर सासूबाईंच्या हातात परत दिला.

"आई, रागावू नका."

"रागावते कशाला?" सासूबाई म्हणाल्या, पण आवाज ओला झाला होता. "शिजवशील कशात, एवढीच काळजी." मग मला उचलून त्या म्हणाल्या, "आणि ही अशी उघडी नेणार? बॅग फाडेल ती!" त्यांनी आपल्या मऊ जुन्या चादरीचा तुकडा काढला आणि तान्ह्या बाळासारखं मला गुंडाळलं.

नवरा उठला. त्याने मला त्या गुंडाळीतून पुन्हा सोडवलं, पायात चपला सरकवल्या आणि धार लावणाऱ्याकडे गेला. समोर उभं राहून त्याने ती खाच घासून घासून घालवून घेतली. तो परत आल्यावर मास्तरांनी थरथरत्या बोटांनी माझ्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले. एक सांडला, एक बरोबर पडला. संध्याकाळी बॅग काट्यावर चढली. बावीस किलो नऊशे.

नाटकघरातली ती शिवणाची खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे डोळे दिपले. छताला टेकलेली कपाटं, बिनडोक्याचे पुतळे आणि जमिनीत घट्ट ठोकलेली लांबच लांब टेबलं. तिथल्या प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांच्या, काठीसारख्या ताठ बाई. डावरी त्यांना मोठ्या बाई म्हणू लागली. त्यांनी तिच्यापुढे तिथली चकचकीत कात्री ठेवली. डावरीने डावा हात वर करून दाखवला. डाव्या हाताची कात्री मागवावी लागेल, महिना लागेल, असं उत्तर आलं. परीक्षेच्या तीन महिन्यांतला एक महिना! तेव्हा डावरीने चादरीचा तुकडा सोडला आणि मला टेबलावर ठेवलं. कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं. हसू दे म्हटलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

दोन आठवडे आम्ही अस्तरं आणि खिसे कापले. कुणी वाईट बोललं नाही, कुणी चांगलंही बोललं नाही. डावरी घरी फोन करायची तेव्हा सगळं छान आहे म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खडूचे तुकडे जुळवत बसायची.

तिसऱ्या आठवड्यात मखमलीचा प्रसंग आला. नव्या नाटकातल्या राणीचा झगा, मागे सहा हात लोळणारा, दोन्ही बाजूंना सारखी गोलाई. मखमल म्हणजे मोठी लहरी जात. तिची लव एकीकडे झुकते आणि जरा हलवली की थर घसरतो. उजव्या हाताचा कारागीर एक गोलाई कापतो आणि दुसरीसाठी टेबलाला वळसा घालून पलीकडे जातो. पण एवढा झगा मावेल असं टेबल एकच होतं आणि त्याची पलीकडची बाजू भिंतीला चिकटलेली. म्हणून चौघांनी मिळून कापड फिरवलं. ते घसरलं. एक गोलाई दुसरीपेक्षा चार बोटं मोठी झाली आणि पूर्ण ताका वाया गेला. त्या रंगाचा आता एकच ताका उरला होता. नाटकाला नऊ दिवस होते.

मोठ्या बाई टेबलापाशी उभ्या राहून कापडाकडे बघत होत्या. डावरी पुढे झाली. त्यांची भाषा तिला मोडकीतोडकीच येत होती. तिने टेबलाचं एक टोक दाखवलं, मग त्यांचा उजवा हात दाखवला. दुसरं टोक दाखवलं आणि आपला डावा हात वर केला. तुम्ही तिकडून, मी इकडून. कापड जागचं हलवायचंच नाही.

मोठ्या बाईंनी खडू उचलला आणि रेघ आखायला घेतली.

त्यांची गोलाई झाली. आता आमची पाळी आली. डावरीने तळवा माझ्या मुठीवर नीट बसवला आणि एक श्वास घेतला. मी मखमलीत शिरले. मित्रांनो, चांगली मखमल कापताना आवाज होत नाही, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं काहीतरी ऐकू येतं. अर्ध्यावर आल्यावर कापडाची एक बारीक चुणी माझ्या वाटेत आली. मदत करायला कुणीतरी हात पुढे केला आणि डावरी जोरात ओरडली, "थांबा!" आपल्याच भाषेत. खोलीतले सगळेच्या सगळे थांबले. तिने करंगळीने चुणी सारखी केली आणि मला पुढे चालवलं. शेवटचा धागा तुटला तेव्हा मी घामाने ओली होते, तिच्या.

मोठ्या बाईंनी दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवल्या. बोटाने कड चाचपत टोकापासून टोकापर्यंत गेल्या. केसाचाही फरक नव्हता. त्यांनी तळहात टेबलावर आपटला, धाडकन. मग बाजूच्या माणसाने आपटला, मग पलीकडच्याने. कुणाच्या कामाला दाद द्यायची तिथली ती रीत होती. बघता बघता सगळी खोली टेबलं बडवू लागली आणि टाचण्या डब्यांत नाचू लागल्या. डावरी भर खोलीत हमसून हमसून रडली आणि रडता रडता हसली.

तिने घरी फोन लावला. मास्तर पडद्यात एवढे वाकले की नुसतं नाक दिसत होतं.

"बाबा, एका दमात कापली!"

"ते असू दे. धार कशी टिकली?"

"पहिल्यासारखी."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले. आणि चष्मा पुसत त्यांनी फोन जावयाच्या हातात दिला. नवऱ्याने सांगितलं, "सांग तुझ्या कात्रीला, तारेला आता पक्कडच वापरतो."

नोकरी कायम झाल्याचं पत्र तीन महिन्यांऐवजी दोन महिन्यांतच मिळालं. मागवलेली डाव्या हाताची नवी कात्रीही आली. डावरीने ती चालवून पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. आणखी चार महिन्यांनी नवरा आणि चौकशीबाई विमानातून उतरले. त्या पोरीने पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंना इतके प्रश्न विचारले की त्यांनाही अधूनमधून आमची भाषा बोलायची वेळ आली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कधी दूरदेशी कामाला निघाल. घरचे प्रेमाने बॅग भरतील आणि काटा जास्त दाखवेल. तेव्हा मऊ आणि गोड वस्तू काढताना जीव जड होईल, पण ज्या वस्तूवर तुमचा हात बसला आहे ती काढू नका. तिला पुसा, तेल द्या, कोरडी ठेवा, ती ज्या कामासाठी झाली आहे तेच काम तिला सांगा. आणि घरात कुणी डावरं मूल असेल तर त्याचा हात फिरवायला जाऊ नका. आधी त्याच्या हातातली वस्तू तपासा.

आता मला निघायला हवं. टेबलावर बर्फासारखं पांढरं रेशीम पसरलं आहे, मोठ्या बाईंनी रेघ आखली आहे आणि सगळी खोली डावरीची वाट पाहत उभी आहे.