लिंबोणीचं सुतक

मालूबाईने लिंबोणीला साडी नेसवायला घेतली आणि पहिल्याच वेढ्याला काठ काट्यात अडकून टरकन फाटला.

"नवरी चावरी आहे व माय," शेजारची आशाबाई म्हणाली. अंगणात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"हसू नका, धरा इकडून," मालूबाई खेकसली. "महाराज म्हणे कोरीच पाहिजे. नाही तं माझं जुनेरं नसतं गुंडाळलं?"

नवरदेव भिंतीला पाठ लावून उभा होता. नाव लोटू, वय चव्वेचाळीस. कपाळाला बाशिंग, अंगात धाकट्या भावाचा मागच्या दिवाळीचा कुर्ता. जन्मतःच दुभंगलेला वरचा ओठ लहानपणी कोणीतरी घाईघाईत शिवला होता, आणि ती घाई लोटूच्या तोंडावर कायमची राहिली होती. बोलला की शब्द नाकातून यायचे. आजच्या दिवसासाठी त्याने मिशी कोरून घेतली होती, पण ती कोणाच्या लक्षात आली नाही.

मालूबाईची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली. हे तिसरं तरी जगावं म्हणून जन्मल्याबरोबर त्याला केरासोबत उंबऱ्याबाहेर लोटलं आणि टाकून दिलेलं पोर सापडलं असं म्हणत परत उचललं. देवाला फसवायची ही जुनी युक्ती. देव फसला, पोर जगलं, पण ते नको असल्याचं सोंग घरच्यांच्या जे अंगवळणी पडलं ते पडलंच.

मोठेपणी लोटू नगर निगमचे, म्हणजे महापालिकेचे, नळ सोडू लागला. लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, वॉल्व्ह फिरवायचा. पाणी वेळेवर आलं तर कोणी नाव काढत नाही, उशिरा आलं तर बऱ्हाणपुरातलं अख्खं लालबाग त्याच्या आईबापाचा उद्धार करतं. मुली पाहायला तो चार-पाच ठिकाणी जाऊन आला. शेवटच्या ठिकाणी मुलीने दाराआडून त्याच्या बोलण्याची नक्कल केली आणि तिच्या बापालाही हसू आवरलं नाही. तेव्हापासून लोटूने तो नाद सोडला आणि बिया लावू लागला.

हा छंदही गावाला न शोभणारा. बऱ्हाणपूर म्हणजे केळीचा मुलूख. केळीला बी नसतं, रोपं लॅबमधून ट्रे भरून येतात, कोणी मातीकडे बघत वाट पाहत बसत नाही. अशा गावात हा गडी सरबताच्या गाडीवर ग्लासाच्या तळाशी राहिलेल्या बिया रुमालात बांधून आणायचा. नखाने बीचं साल सोलायचा, म्हणजे लवकर उगवतं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून माती भरायचा आणि बोटाच्या पेराएवढं खोल बी टाकायचा. सीताफळ, पपई, चिकू, जे खाल्लं त्याचं बी मातीत. रोप वीतभर झालं की ज्याला त्याला वाटायचं. लोक "अरे वा, लोटूभाऊ" म्हणून घ्यायचे आणि तो वळला की गटारात टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत नळ सोडायला येणाऱ्याला ते गटार दिसायचंच.

लिंबोणी मात्र त्याने कोणाला दिली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात लावली आणि सात वर्षं सांभाळली. उन्हाळ्यात अंघोळीचं पाणी तिला, पानं खाणाऱ्या अळ्या हाताने वेचून टाकायच्या.

"कलमी लाव ना दादा, दो साल में फल देती," धाकटा रितेश म्हणायचा.

बियाच्या लिंबोणीला काटे लांब आणि फळ उशिरा, हे लोटूलाही ठाऊक होतं. पण ती मुळापासून आपली असते, असं त्याचं म्हणणं होतं. या माघात तिच्यावर पहिल्यांदा कळ्या दिसल्या, जांभळट, मुगाच्या दाण्याएवढ्या. ती बातमी सांगायला तो घरात शिरला आणि नेमकी त्याच दिवशी रितेशची सोयरीक जुळली. कळ्यांचं कोण ऐकतो?

रितेशही काही कोवळा नव्हता. पस्तिशी उलटलेली, मोबाइलच्या दुकानात नोकरी, गुडघ्याला बाशिंग बांधून वर्षानुवर्षं बसलेला. हल्ली मुली मिळतात कुठे? नेपानगरची हिमानी हो म्हणाली हेच नशीब. तिच्या घरच्यांच्या दोनच अटी होत्या. एक, खोलीला लागून बाथरूम पाहिजे. दुसरी, थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याचं लावलं तर दोष लागतो, त्याचा काही बंदोबस्त करा. बाथरूमला जागा एकच होती आणि तिथे लिंबोणी उभी होती. दोषावर पोथी सांगणाऱ्या महाराजांनी वाट काढली.

"थोरल्याचं झाडाशी लावून टाका," महाराज म्हणाले. "मंगळाच्या पोरीचं आपण केळीशी लावतोच ना?"

"मग फोपनारहून केळच मागवते," मालूबाई म्हणाली.

"केळ पोरींच्या दोषाले. याले झाड पाहिजे याच्याच हातानं बी लावून वाढवलेलं. अन् फळ न आलेलं, म्हणजे कुमारिका."

सगळ्यांच्या नजरा अंगणाकडे गेल्या. दोन्ही अटी एकाच बुंध्यापाशी मिटत होत्या. पुढचं महाराजांनी आवाज खाली आणून मालूबाईला आणि रितेशला सांगितलं. लोटू तेव्हा नळ सोडायला गेला होता, आणि आल्यावर ते त्याला कोणी सांगितलं नाही.

लोटू आधी नाहीच म्हणाला.

"लोकं हसतील माय."

"आता काय रडू राहिले? एक दिवस अजून हसतील. भावाचं घर बसून जाईल तुझ्यामुळं."

"अन् बाथरूम कुठं काढता?"

"काढू मागं कुठं तरी," मालूबाई म्हणाली. "अरे, एकदा सून झाली मंग तिले कोण हात लावंल? सुनेवर कोणी कुऱ्हाड चालवतं का?"

"शपथ घे."

मालूबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. या डोक्याची शपथ तिला कधीच जड गेली नव्हती. लोटू मात्र कबूल झाला. गावभर हसू झालं तरी चालेल, पण लिंबोणी वाचली, असा त्याचा साधा हिशोब होता.

आणि म्हणून आज तो अंगणात उभा होता. महाराजांनी अंतरपाट धरला. रितेश मोबाइलवर शूटिंग करत होता आणि "स्माइल दादा, स्माइल" म्हणत होता. मंगलाष्टकं निम्मी गाळली गेली. अक्षता झाडावर कमी आणि नवरदेवाच्या तोंडावर जास्त पडल्या. बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, कारण उखाणा त्याच्या नाकातून कसा येतो ते त्यांना ऐकायचं होतं. लोटू शरमेने मेल्यासारखा झाला होता. त्याने मान वर केली नाही.

अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मात्र त्याला बघावंच लागलं. हिरवी साडी, तिच्यातून बाहेर आलेले काटे, फांदीला बांधलेल्या मुंडावळ्या, काट्याला अडकवलेला हार आणि साडीच्या वर दोन-चार उमललेली पांढरी फुलं. समोर कोणीतरी आपल्यासाठी हार घेऊन उभं आहे, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. ते कोणीतरी झाड आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याला बरं वाटलं. मंगळसूत्र फांदीला बांधताना काटा बोटात खोल घुसला. त्याने बोट मुठीत मिटून घेतलं आणि कोणाला दाखवलं नाही.

माव्याची जिलेबी खाऊन बायका पांगल्या. दुपारी पाण्याची पाळी होती. लोटूने बाशिंग उतरवलं, चावी खांद्यावर टाकली आणि निघाला. लग्न लागलं म्हणून नळ थांबत नाहीत.

तो परत आला तेव्हा लिंबोणी आडवी पडली होती. साडीची घडी करून मालूबाईने दोरीवर टाकली होती. रितेश कुऱ्हाड टेकून घाम पुसत होता. अंगणभर लिंबाच्या ओल्या लाकडाचा आंबूस वास सुटला होता.

"दादा, गुस्सा मत हो," रितेश म्हणाला. "विधीच तसा असतो. कापल्याबिगर दोष जात नाही. केळीचं पण कापतातच ना."

लोटूने आईकडे बघितलं.

"मोकळा झाला तू," मालूबाई म्हणाली. "आता तुझ्यासाठी खरी पोरगी पाहू."

"बिजवराले तं पटकन भेटते," भिंतीवरून डोकावत आशाबाई म्हणाली, आणि तिघंही हसली.

लोटूने चावी भिंतीला टेकवली. तो तसाच राजघाटावर गेला. न्हाव्यासमोर बसून त्याने डोकं भादरून घेतलं, आज सकाळी कोरलेली मिशीही उतरवली, तापीत बुडी मारली आणि ओल्या अंगाने येऊन बुंध्याजवळ बसला. उंबरा त्याने ओलांडला नाही.

"हे काय रे अवदसा?" मालूबाई किंचाळली. "रविवारी लग्न आहे घरात."

"बायको गेली माझी," लोटू म्हणाला. "दहा दिवस सुतक."

आशाबाईचं हसू पहिल्यांदा थांबलं. "सुतकात लग्न कसं लागंल व माय?"

आता घरात पळापळ झाली. तारीख पुढे ढकलावी तर हिमानीचे घरचे वाट बघणाऱ्यांतले नव्हते. तिच्या मामाच्या खिशात दुसरं स्थळ तयारच होतं. रितेश आधी ओरडला, मग हात जोडून उभा राहिला. मालूबाई अंगणात येऊन बसली आणि "माझ्या राजा" म्हणाली. हा शब्द लोटूने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि ऐकून तो विरघळलाही नाही. जन्मभर ज्याला कोणी विचारलं नाही, त्याच्या एका नाहीवर अख्खं घर अडलं होतं. खोटं कशाला बोला, त्याला त्यात सुख झालं.

शेवटी महाराजांना स्कूटरवर बसवून आणलं.

"झाडाचं कुठं सुतक असते?" महाराज म्हणाले.

"लग्न असते तं सुतकबी असते," लोटू म्हणाला. "मंत्र तुम्हीच म्हटले. लग्न खोटं असंल तं सांगा, मी आत्ता उठतो. मंग दोष जसाच्या तसा आहे."

महाराज तंबाखू मळू लागले. लग्न खरं म्हणावं तर सुतक, खोटं म्हणावं तर दोष. लोटूने त्यांना बरोब्बर कात्रीत धरलं होतं, आणि हे अंगणातल्या सगळ्यांना कळलं होतं. पण पोथीवर जगणारा माणूस असा हरत नाही.

"नवरीनं माप ओलांडलं का?" त्यांनी मालूबाईला विचारलं. "उंबऱ्याच्या आत आली होती?"

"झाड कसं येईल आत?"

"मग झालं. ती याची बायको, पण या घराची सून नाही. सुतक याले एकट्याले, घर मोकळं. यानं फक्त दहा दिवस कोणाले शिवायचं नाही अन् मांडवात पाय ठेवायचा नाही."

"सून म्हणली होती तू," लोटू आईला म्हणाला.

"महाराज सांगतात ते खरं," मालूबाईने नजर न देता उत्तर दिलं.

पडत्या फळाची आज्ञा मानून सगळे उठले. रितेशच्या चेहऱ्यावर तर चार दिवसांचं ओझं उतरल्याचं समाधान होतं. लग्नाच्या फोटोत दादाचं ते तोंड कुठे लपवायचं, हे त्याला कोणाला विचारताही येत नव्हतं. दादानेच प्रश्न सोडवला होता. लोटूला हे उमगलं तेव्हा महाराजांची स्कूटर गल्लीबाहेर गेली होती. हट्टाने टाकलेला फास त्याच्याच गळ्यात आला होता, आणि आता तो सोडवायचा तर उठून म्हणावं लागणार होतं की ती कोणीच नव्हती, नुसतं झाड होतं. तेवढं त्याच्याने झालं नाही.

रविवारी डीजे लावून वऱ्हाड नेपानगरला गेलं. जाण्याआधी मालूबाईने अंगणात ताट ठेवलं आणि झाडूच्या दांड्याने पुढे सरकवलं.

"मांजर तोंड घालंल, झाकून ठेव," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी नवरी आली. बाथरूमसाठी मागवलेली रेती फाटकाजवळ ओतून ठेवली होती, तिला वळसा घालून यावं लागलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप मांडलेलं होतं. मालूबाई ओवाळणीचं ताट आणायला आत गेली आणि हिमानी अंगणात दोन क्षण थांबली. तिला कोपऱ्यातला ताजा बुंधा दिसला, आणि त्याच्याजवळ बसलेला मुंडण केलेला माणूसही. मोठा दीर आजारी आहे, म्हणून लग्नाला आला नाही, असं तिला सांगितलं होतं. ती डोक्यावर पदर घेऊन पाया पडायला पुढे झाली.

"शिवू नका," लोटू घाईने म्हणाला. "मी सुतकात आहे."

ती गोंधळून जागच्या जागी वाकली. काहीतरी बोलायचं म्हणून तिने बुंध्याकडे बोट केलं. "इथं काय होतं दादा?"

"तुमची मोठी जाऊ," लोटू म्हणाला.

हिमानीला कळलं नाही. तिने वळून रितेशकडे पाहिलं. तो हसला. मागे उभ्या असलेल्या आशाबाईला तर हसू आवरेना. मग काहीतरी गंमत असावी असं समजून हिमानीही हसली, मोकळी, नव्या घरात पहिल्यांदाच.

मालूबाईने आतून हाक मारली. नवरी उंबऱ्याकडे निघाली. वाट अरुंद होती आणि तिचा शालू जमिनीवर लोळत होता. तो आपल्याला लागून विटाळू नये म्हणून लोटू बसल्या जागेवरून भिंतीपर्यंत सरकला.