गेर्लिंगेनच्या शॉवरमधली चकती

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी बटण नाही. मला हातात घेणारा जो तो आधी आपला शर्ट चाचपतो, म्हणून सांगितलं. मी शॉवरमध्ये बसवायची एक जुनी प्लास्टिकची चकती आहे. मधोमध बारीक भोकं, कडेला रबर. शॉवरच्या मुठीत मला बसवलं की पाणी निम्मं लागतं आणि अंघोळ तेवढीच होते. मला एवढं एकच काम येतं, आणि लोक मला तेवढंही करू देत नाहीत.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. साच्यात ओतलं, गार केलं, कडा घासल्या आणि बहिणींबरोबर पिशवीत भरलं. तिथून आम्ही गेर्लिंगेनला आलो, शोभनाकाकू आणि वासुदेवकाकांच्या लहानशा हॉटेलात. दोघांचे केस याच देशात पांढरे झालेले. जवळच्या एका कंपनीत काही महिन्यांसाठी येणारे मराठी इंजिनिअर त्यांच्याकडे उतरायचे, कारण सकाळी ब्रेडशेजारी पोहेसुद्धा असायचे. २०१५ साली त्या कंपनीने कळवलं, की यापुढे आमची माणसं पर्यावरणाचं प्रमाणपत्र असलेल्या हॉटेलातच राहतील. झालं. काकूंनी चांगली ऑफिसातली नोकरी सोडून हे हॉटेल उभं केलेलं. प्रमाणपत्र नाही तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर हॉटेलला कुलूप.

काकूंनी पदर खोचला. दिवे बदलले, जॅमच्या चिमुकल्या पाकिटांच्या जागी बरण्या आणल्या, रोज टॉवेल धुणं थांबवलं. पाण्यासाठी आम्हाला आणलं. काकांनी प्रत्येक न्हाणीघरात जाऊन शॉवर उघडला आणि आम्हाला बसवलं. मला सात नंबरची खोली मिळाली.

मग तपासनीस बाई आल्या, फ्राऊ ब्रेन्नर. शॉवरखाली मापाचं भांडं धरलं, घड्याळ लावलं आणि मान हलवली. महिन्याभरात दाराशी हिरवी पाटी लागली. काकूंनी पाटीला हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला, सगळ्यांनी फोटो काढले. पाटीने काय केलं होतं हो? लटकत होती नुसती. शॉवरमध्ये अडकून पाणी अंगावर घेत होते मी. पण माझ्याकडे कोण बघतंय?

बरं, त्याचंही मला काही नव्हतं. माझं डोकं फिरवलं ते पाहुण्यांनी. शिकलेली, हुशार माणसं हो. पण खोलीत आली की हीटर पूर्ण फिरवायची, मग उकडतं म्हणून खिडकी उघडायची. धुतलेले मोजे हीटरवर, आणि हीटरची ऊब रस्त्यावर. "टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर टांगून ठेवा" अशी मराठीत पाटी होती. ती वाचून एकाने तिच्यावरच टॉवेल टांगला. तरी माझ्या वाटेला कुणी जात नव्हतं, तोवर मी गप्प होते.

मग सात नंबरमध्ये हृषिकेश आला. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. कंपनीत त्याचं काम काय, तर कारखान्यांमधली वीज आणि पाणी कसं वाचेल ते शोधणं. मला वाटलं, चला, आपला माणूस आला. पहिल्याच दिवशी त्याने शॉवर सोडला आणि म्हणाला, "छ्या, प्रेशरच नाही." इंजिनिअरला प्रेशर नाही म्हटल्यावर तो स्वस्थ बसेल का? साध्या माणसाने काकूंकडे तक्रार केली असती. याने मुठीला रुमाल गुंडाळला, आटे सोडवले, आत किल्लीचं टोक घातलं आणि मला उचकटून बाहेर काढलं. माझी कड चरचरली. मला त्याने साबणदाणीत टाकलं आणि वर ओला साबण ठेवला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे खाताखाता सगळ्यांना शिकवलं, "आत एक चकती असते. ती काढा, मग बघा मजा." दोन दिवसांत माझ्या सगळ्या बहिणी साबणदाण्यांत. नाही म्हणायला एकीला त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. आणि अंघोळी किती वेळ चालाव्यात? आरशावर वाफ, छतावर वाफ, आणि हा पठ्ठ्या आत ताना घेतोय. साबणाखाली पडल्यापडल्या मी नुसती जळत होते.

अशातच प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची वेळ आली. फ्राऊ ब्रेन्नर पुन्हा आल्या आणि त्यांनी नेमकी सात नंबरची खोली मागितली. भांडं धरलं, घड्याळ लावलं. बघता बघता भांडं भरून वाहायला लागलं. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकांनी शॉवर उघडला. आत काही नाही.

"आल्झो..." काका जर्मनमध्ये पुटपुटले आणि बाकीचे शॉवर उघडून बघून आले. बाकीच्या खोल्यांतही तेच. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन. तेव्हाही असंच असेल, तर पाटी काढावी लागेल." काकूंनी वाकून शॉवरखाली इकडेतिकडे शोधलं. दोन वितींवर मी पडले होते. साबण बाजूला केला असता तरी दिसले असते, पण कुणी केला नाही.

संध्याकाळी काकूंनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं.

"शॉवरमधल्या चकत्या कुणी काढल्या?"

सगळ्यांनी हृषिकेशकडे पाहिलं. मग हृषिकेश म्हणाला, "काकू, मी काढली. बाकीच्यांना मीच सांगितलं. पाणी फारच बारीक येत होतं हो."

"पुण्याला तुझ्या घरी धो धो येतं का?"

"नाही. एक दिवसाआड येतं. आई बादली भरून ठेवते, तेवढ्यातच आटपायचं."

"तिथे आटपतं ना? मग इथे काय झालं?"

"इथे नळाला कायम पाणी असतं, काकू," तो म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

काकू ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाटी गेली तर कंपनी तुम्हाला दुसरीकडे ठेवेल. तुमचं काही अडणार नाही. मला मात्र हे बंद करावं लागेल. या वयात मी नोकरी कुठे शोधू?" आणि त्या आत निघून गेल्या.

मग पोरं हलली. हृषिकेशने खोल्याखोल्यांतून जाऊन चकत्या परत बसवल्या. मला मात्र हातात घेतलं आणि त्याच्या लक्षात आलं, की किल्लीने माझी कड फुटली आहे. तो बाऊमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, नवी चकती घेऊन आला, शॉवरमध्ये बसवली आणि मला न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सॉरीबिरी काही नाही.

फ्राऊ ब्रेन्नर आल्या, त्या दिवशी मी डब्यातूनच ऐकत होते. पाणी भांड्यात पडत राहिलं, पडत राहिलं. मग बाई म्हणाल्या, "गेनाऊ. आता बरोबर आहे." पाटी राहिली. काकू टबच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मलाही रडू आलं असतं, पण आम्हा चकत्यांना ती सोय नाही.

खरी धाकधूक मला दुसऱ्या दिवशी होती. बाई गेलेल्या, आता वर्षभर कुणी बघायला येणार नव्हतं. सकाळी हृषिकेश अंघोळीला आला. पाणी सुरू झालं आणि थोड्या वेळात थांबलं. मनात म्हटलं, काढतोय मेला, नवीलाही काढतोय. पण आट्यांचा आवाज आला नाही. अंगाला साबण चोळल्याचा आवाज आला. मग पुन्हा पाणी सुरू झालं. साबण लावेपर्यंत त्याने नळ बंद ठेवला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर काका डबा रिकामा करायला आले. मला उचलून चष्म्यावरून बघत पुटपुटले, "हे प्लास्टिक खरं, पण पॅकिंगचं नाही, रेस्टम्युलमध्ये जाणार." म्हणजे उरल्यासुरल्या कचऱ्यात. निदान मला योग्य डब्यात तरी टाकताहेत.

तर मित्रांनो, आता गाडी येईल आणि मी जाईन. तुमच्या शॉवरमध्ये माझी एखादी बहीण असेल तर तिला कृपा करून जागची हलवू नका. आणि हेही ऐका. आम्ही पाणी निम्मं करतो, पण नळ बंद करणं काही आम्हाला जमत नाही. त्याला हात लागतो, आणि तो तुम्हाला आहे.