झेल वो, शालिकची माय

"झेल वो, शालिकची माय, झेल!"

ही हाक दुर्गाबाईच्या कानातून कधी गेलीच नाही. रामपायलीच्या शिवारात धानाचा रोवणा लागला की तिचा नवरा प्रेमलाल पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंढी बांधावरून फेकायचा. ती चिखलात उभी राहून झेलायची, पेंढी सोडायची, रोप रोवत एकेक पाऊल मागं सरायची.

मग तो आमदार म्हणून निवडून आला. एकदा, पुन्हा एकदा. तोच आवाज आता भोंग्यातून यायचा, "भाइयो और बहनो" म्हणायचा. दुर्गाबाई भाषणात कुठं आपली हाक सापडते का म्हणून ऐकत राहायची.

पण रोवण्याची पहिली पेंढी घरधन्यानंच रोवायची, म्हणून सहासष्ट सालीही प्रेमलाल भोपाळहून जीपनं आला. धोतर खोचून बांधीतल्या चिखलात उतरला. रोवू लागला तो तोंडासमोर, पुढं पुढं. आपलीच रोपं पायाखाली गेली तरी ध्यान नाही.

रोवणाऱ्या बायका खदाखदा हसल्या. गोदाबाई ओरडली, "इधायकजी, मागं मागं सरा लागते नं! भोपाळात मागं सरूच देत नाही वाटते कोणी?"

"हौ वो गोदाबाई, आदत गेली," म्हणत तोही हसला.

दुर्गाबाईला मात्र हसू आलं नाही. त्याच्या पावलांत दबलेली रोपं तिनं वाकून एकेक उचलली, पुन्हा उभी केली.

पाय धुऊन प्रेमलाल बांधावर आला. बायकांनी पुन्हा रोवण्याचं गाणं धरलं. तिसऱ्या निवडणुकीच्या तिकिटासाठी आजच निघायचं होतं. जीपवाला हारन वाजवत होता.

"टिळा लाव वो. टाइम होऊन राह्यला."

मागच्या दोन्ही खेपांना तिनं कुंकू लावलं होतं, "सुखानं जा जी" म्हटलं होतं. आज कुंकवाची डबी पदराच्या गाठीतच राहिली. तिनं पायाशी पडलेली पेंढी उचलली.

"झेला जी!"

पेंढी त्याच्या धुतल्या सदऱ्यावर आदळली. चिखल उडाला. त्यानं दोन्ही हातांनी ती छातीशी धरली आणि तिच्याकडं पाहत राहिला. बायकांचं गाणं थांबलं.

"नका जाऊ," दुर्गाबाई म्हणाली. "दोन्ही डाव जा म्हटलं, पण मनातून म्हटलं नोतं. मले तुमच्याबिगर करमत नाही जी."